रुमालाचा कायदा

रोमचे प्रजासत्ताक बुडाले ही बातमी जगात सगळ्यांना केव्हाच कळली आहे, फक्त वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्यातल्या आमच्या साडभाऊंनी ती अजून मान्य केलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्यातल्या एका कॉलेजात कायदा शिकवून ते निवृत्त झाले. रोमन कायदा हा तिथे ऐच्छिक विषय होता आणि विद्यार्थ्यांनी ती इच्छा कधी फारशी दाखवली नाही. एखाद्या वर्षी वर्गात साडभाऊ आणि पंखा असे दोघेच असत, पण तास म्हणून त्यांनी बुडवला नाही. बरे, त्या कायद्यातही वारसा, करारमदार असला जरा उपयोगाचा भाग त्यांना नकोच. त्यांना हवा राज्यकारभाराचा कायदा. सभा कोणी बोलवायची, कोणी मोडायची, माजलेल्या अधिकाऱ्याला 'थांब' म्हणायचा हक्क कोणाला. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या त्या अधिकाऱ्यांची चौकशी ते अशा आस्थेने करत की जणू उद्या सकाळी त्यांच्याकडेच एखादा दाखला काढायला जायचे आहे. मी पडलो एसटीतला माणूस. समुद्रपूरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे 'गाडी केव्हा लागते' या एका प्रश्नाला उत्तर देण्यात माझी हयात गेली. साडभाऊ मला 'कंट्रोलर साहेब' म्हणत आणि मी त्यांना नुसते 'भाऊ'.

लॅटिन ते शिकले तेही चाळिशी उलटल्यावर. नागपूरला कोणी म्हातारे पाद्रीबाबा होते, त्यांच्याकडे दर रविवारी पॅसेंजरने जायचे आणि परतीच्या गाडीत मोठमोठ्याने क्रियापदे घोकायची. सेवाग्रामपर्यंत समोरचा बाक रिकामा होई, असे ते स्वतःच अभिमानाने सांगत. त्यांची बायको, जिला आमच्या घरात सगळे ताई म्हणतात, ती माझ्या बायकोजवळ कपाळाला हात लावून म्हणायची, "लोकायचे नवरे रविवारी मटन आणतात वं. आमचे मेलेली भाषा आणतात." पण साडभाऊंना त्या भाषेतही कायद्याचे ग्रंथ वाचायचे नव्हतेच. त्यांना वाचायची होती रोमन लोकांची फार्सिकल नाटके, भांडखोर भाषणे, चावट कविता आणि थडग्यांवरचा मजकूर. का, तर म्हणे कायद्याच्या पुस्तकात कायदा नसतो. मी म्हटले, भाऊ, मग काय स्वयंपाकाच्या पुस्तकात असतो का? त्यावर त्यांनी मला जे सुनावले ते मी अजून विसरलो नाही.

"कंट्रोलर साहेब, तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर काय लिहिलं राह्यते? आमदार-खासदार यांच्यासाठी राखीव. उद्या हजार वर्षांनं कोणी पंडित हे वाचन अन् पुस्तक लिहीन की त्या काळी आमदार एसटीनं फिरत. पण त्याले आपल्या एखाद्या नाटकातला विनोद सापडला, की बाप्पा उठ, आमदार आला तं काय करशीन, अन् सारं थेटर हासलं, तं त्याले खरं समजन. लोकं ज्याच्यावर हासतात ना, ते त्यायले पक्कं माहीत राह्यते." त्या सीटवर आमदार बसलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यावर त्यांनी सोडले नाही. "अन् खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तो नियम तुमच्या कोणत्या पुस्तकात आहे?" कुठल्याच नाही, मी म्हटले. "मोडते का कोणी?" आता खरे सांगायचे तर माझ्या साऱ्या नोकरीत लोकांनी तिकीट बुडवलेले मी पाहिले, रांग मोडलेली पाहिली, कंडक्टरची कॉलर धरलेली पाहिली, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून त्याच्या जागेवर बसलेला माणूस सुखात घरी गेलेला पाहिला नाही. हिंगणघाटच्या गाडीत एकाने तसे केले होते, त्याला अख्ख्या गाडीने जांबपर्यंत शिव्या घातल्या आणि शेवटी तो दारात उभा राहून गेला. "बस," साडभाऊ म्हणाले, "रोमचा अर्धा कायदा असाच होता. न लिहिलेला, अन् कोणाची मोडायची टाप नाई."

शब्दांच्या बाबतीतही त्यांचे असेच. निवडणुकीच्या दिवसात कडक इस्त्रीचा पुढारी हात जोडत दारात आला की हे त्याला मत कोणाला देणार ते सांगत नसत. लॅटिनमध्ये उमेदवाराला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'पांढराफेक केलेला' असा आहे, रोमचे उमेदवार अंगावरच्या वस्त्राला खडू चोळून फिरत, हे साग्रसंगीत समजावून देत आणि वर विचारत, "तुम्ही नीळ वापरता का स्टार्च?" एका उमेदवाराने बिचाऱ्याने खरेच उत्तर दिले होते. हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो मात्र पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

पण एक शब्द होता, त्यावर ते हसत नसत. रोमन लोक माणसाला हद्दपार करताना 'तुला पाणी आणि अग्नी बंद' असे जाहीर करत. पाद्रीबाबांनी हे शिकवले तेव्हा म्हणाले होते की यावर युरोपात पुष्कळ चर्चा झाली आहे, पाणी आणि अग्नीच का, हा काही धार्मिक विधी असावा का, वगैरे. साडभाऊ मला म्हणाले, "मी त्यायले म्हटलं, फादर, चर्चा कायची? आमच्या आजोबानं दीक्षा घेतली त्या साली गावानं त्यायची विहीर बंद केलती. अन् चूल पेटवाले निखारा मागाले गेली तं आजीले कोणी दारात उभं नाई केलं. पाणी अन् विस्तव. त्याच्यापुढं गाव सोडा म्हणाचं कामच नाई पडत, माणूस आपोआप जाते." ते गाव समुद्रपूरकडचेच. आजोबा गाव सोडून गेले नाहीत, हे साडभाऊंनी नंतर सहज सांगावे तसे सांगितले. एवढे बोलून ते उठले आणि माठातले पाणी प्यायले. त्या दिवसापासून त्यांच्या रोमची टिंगल करताना माझी जीभ जरा अडखळते, हे कबूल केले पाहिजे.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येतो. रोममध्ये गरीब लोकांच्या बाजूने उभे राहणारे अधिकारी असत, त्यांना ट्रिब्यून म्हणत. या ट्रिब्यूनजवळ शिपाई नाही, शिक्का नाही, खुर्चीसुद्धा मानाची नाही. त्याची एकच ताकद. जिथे अन्याय चालला आहे तिथे स्वतः जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, मी मना करतो. त्याच्या अंगाला हात लावणे हे महापाप. पण त्याने चिठ्ठी पाठवून भागत नसे, तो देहाने हजर पाहिजे. म्हणून त्याला दोन बंधने होती. घराचे दार कधी लावायचे नाही आणि शहराबाहेर रात्र काढायची नाही. आणि झाले असे की साडभाऊंच्या लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून बसवलेल्या वस्तीची, जी रहिवासी समिती होती, तीत एक सदस्य कमी पडत होता. कोणीच तयार होईना म्हणून यांना बिनविरोध निवडून दिले. बाकीच्यांना वाटले, एक सही करणारा मिळाला. त्यांना काय माहीत, यांना रोम मिळाले म्हणून!

दुसऱ्या दिवसापासून घराचे दार उघडे ते उघडेच. शेळ्या आत येऊन ताईच्या कढीपत्त्याचा फडशा पाडून गेल्या. सेल्समन लोक थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचले. मे महिन्यात वर्ध्याची सगळी धूळ ताईच्या फ्रिजवर. "चोर आला तं काय करसान?" मी विचारले. ताईच आतून ओरडली, "काय करन? त्याले पाणी देईन अन् तुमची तक्रार काय आहे म्हणन!" लोक मात्र खरेच येऊ लागले. कोणाचा रेशनचा थंब लागत नाही, कोणाला घरमालक खोली सोडायला सांगतो. साडभाऊ कोणाला अर्ज लिहून देत नसत. पायात चप्पल घालत आणि सोबत जाऊन उभे राहत. निम्मी कामे तेवढ्यानेच होत, कारण समोरच्याला हा गृहस्थ कोण आहे आणि का उभा आहे हे कळेना. आणि रात्र बाहेर काढायची नाही म्हणजे नाहीच. माझ्या मुलीचे लग्न समुद्रपूरला होते. पंगत बसली, बुंदी वाढली गेली, आणि हे शेवटची वर्धा गाडी पकडायला हात धुऊन उभे! मीच तिथला कंट्रोलर, मीच मनात म्हटले की आज ही गाडी रद्द करावी. असा संताप आला होता की विचारू नका. ताई एकटीच थांबली आणि विहिणीला 'त्यांची तब्येत' म्हणून सांगत राहिली.

एकदा तर समितीच्या सभेत हे मध्येच उभे राहिले आणि वीज चमकली, सभा बरखास्त झाली म्हणाले. रोममध्ये म्हणे वीज चमकली की लोकांची सभा भरवत नसत. अध्यक्षांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी, खिडकीबाहेर पाहून सांगितले, "सर, ते समोर ग्रिलचं वेल्डिंग चालू आहे." यावर साडभाऊंनी बराच विचार केला आणि ठिणगीबाबत शास्त्र संदिग्ध असल्याचे मान्य करून खाली बसले.

या अध्यक्षांशीच पुढे त्यांची जुंपली. लेआउटमध्ये एक सामाईक बोअर, तिचे पाणी टाकीत आणि टाकीतून घरोघर. शेवटच्या घरात एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. सिस्टरच्या मागच्या भिंतीला लागून झोपड्या आहेत. त्या उन्हाळ्यात तिथला हातपंप आटला, आणि सिस्टरने आपल्या अंगणातला नळ तिथल्या बायांना मोकळा करून दिला. समितीने तंबी दिली. सिस्टर म्हणाली, "माणसं तहानेली आहेत बाप्पा, तुम्ही मले कायदा काऊन सांगून राह्यले?" समितीने ठराव केला की लेआउटचे पाणी बाहेर जात असल्याने तिचेच कनेक्शन बंद करावे. ठरावाच्या विरुद्ध हात एकच वर झाला, कोणाचा ते सांगायला नको. अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हेत, उन्हाळ्यात टाकी उतरली की सगळ्यांची बोलणी त्यांनाच खावी लागत. पण ठराव तो ठराव. साडभाऊ घरी आले आणि जेवले नाहीत. "पाणी बंद," एवढेच ताईला म्हणाले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्याला त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले, म्हणून ताई जाणार होती. साडभाऊ जाणार नव्हते, कारण तेच, रात्र बाहेर. मुलीने फोनवर फार काही म्हटले नाही. "बाबा येणार नाई ना?" एवढेच तिने आईला विचारले, आणि ताईने दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला.

ताईला गाडीत बसवून द्यायला मी समुद्रपूरहून आलो, तर घराचे दार सताड उघडे आणि साडभाऊ घरात नाहीत. ते टाकीजवळ होते. तिथे जमिनीत सिमेंटची एक चौकट आहे, तीत सिस्टरच्या लाइनचा व्हॉल्व्ह. त्या चौकटीच्या झाकणावर घरातली प्लास्टिकची खुर्ची टाकून हे सकाळपासून भर उन्हात बसलेले. समोर प्लंबर पान्हा घेऊन उकिडवा, बाजूला अध्यक्ष छत्री घेऊन उभे, आणि सिस्टर थोड्या थोड्या वेळाने येऊन तिघांनाही लिंबूसरबत देऊन जात होती. "सर, उठा ना," अध्यक्ष काकुळतीला येऊन म्हणत होते. "उठवा," साडभाऊ शांतपणे म्हणाले. पण ज्या माणसाने अध्यक्षांच्या मुलाला कॉलेजात शिकवले त्याच्या अंगाला हात कोण लावणार? रोमचे महापाप इथेही लागू पडले होते, आणि साडभाऊ घामाने निथळत होते तरी मनातून खूश होते.

तेवढ्यात ताई आली. पदर डोक्यावर, हातात फोन.  "पोरीले भरती केलं. बी.पी. वाढला, ऑपरेशन म्हणून राह्यले. तुम्हाले विचारून राह्यली ते." साडभाऊ उठू लागले आणि अर्धे उठून पुन्हा बसले. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. "मी उठलो की हा पान्हा फिरवते," ते हळूच म्हणाले. "इथं देह लागते. दुसरा इलाज नाई."  ताई फक्त त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि मला वाटले की आता हा माणूस दोन्हीकडून फाटणार.

तेव्हा माझ्या तोंडून जे निघाले ते एसटीतल्या नोकरीचे. "भाऊ," मी खेकसलो, "रुमाल टाका अन् चला." त्यांनी माझ्याकडे बघितले. मग खिशातून तो त्यांचा निळ्या चौकटींचा, घामाने भिजलेला रुमाल काढला, खुर्चीवर पसरला, दोन्ही हातांनी नीट केला आणि अध्यक्षांना म्हणाले, "जागा धरून ठेवली आहे." कपड्यांची पिशवीसुद्धा घेतली नाही. दार ताईने लावले, कुलूप तिनेच घातले आणि किल्ली माझ्या हातात दिली. स्टेशनावर गाडी हलेपर्यंत ते खिडकीतून मला सांगत होते की आता पान्हा फिरला असेल.

मुलगी सुखरूप सुटली, नातही झाली. पंधरवड्याने दोघे परत आले तेव्हा त्यांना घ्यायला मीच स्टेशनावर होतो. साडभाऊ घरी न जाता थेट टाकीकडे निघाले. खुर्ची तिथेच. रुमाल तिथेच, धुळीने भुरा झालेला. आणि त्यावर अर्ध्या किलोचे लोखंडी वजन. सिस्टरच्या अंगणातून बादल्यांचा आवाज येत होता. आम्ही बघतच राहिलो. एवढ्यात अध्यक्ष दुकानातून आले. "प्लंबर म्हणे, कोणाचा तरी रुमाल आहे, मी हात नाई लावत, भांडणं होतात," ते सांगू लागले. "म्हटलं मीच उचलतो. गेलतो उचलाले. पण नाई झालं सर. आयुष्यभर एसटीनं माल आणला मी." साडभाऊंनी वजनाकडे बोट दाखवले. "हे तुमचंच ना?" अध्यक्ष एकदम ओशाळले. "आता इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, ते पडूनच होतं. वारं सुटलं होतं. उडाला असता तं तुम्ही म्हटलं असतं आम्ही काढला." ठराव आजही रजिस्टरमध्ये आहे, कोणी तो मागे घेतला नाही आणि कोणी अमलातही आणला नाही.

त्या संध्याकाळी चहा पितानाही साडभाऊंचे मन त्या रुमालातच होते. त्यांच्या साऱ्या अभ्यासाप्रमाणे देह हजर नसताना हे व्हायला नको होते. मी चिडवले, "काय भाऊ, रोमन लोकायजवळ रुमाल नव्हता वाटते?" ते म्हणाले, "रुमाल होता, कंट्रोलर साहेब. एसटी नव्हती." आणि मग असे हसले की ताईलाही हसू आवरेना.

आता दोघेही पुण्यालाच असतात. साडभाऊंचे गुडघे गेले, आणि नातीला सांभाळायला कोणीतरी हवे. फ्लॅट उंचावर आहे आणि त्याचे दार सोडले की आपोआप बंद होते, याचा त्यांना फार त्रास होतो. सुरुवातीला ते दारात चप्पल अडकवून ठेवत, पण सोसायटीने हरकत घेतली. तिथे त्यांच्याकडे कोणी तक्रार घेऊन येत नाही. फोनवर आवाज बारीक झाला आहे. नातीला लॅटिन येते म्हणतात, पण ती अजून बोबडी बोलते, तेव्हा ते लॅटिन कशावरून, हे मी विचारत नाही. फोन ठेवताना मात्र दर वेळी विचारतात, "तिकडं गेलते का? रुमाल आहे ना?" मी म्हणतो, आहे. घराची किल्ली पुन्हा माझ्याकडेच असल्याने महिन्यातून एकदा मी पिपरी मेघ्याला जातो, घर झाडून घेतो आणि रुमाल बघून येतो.

या मे महिन्यात गेलो तर खुर्चीवर रुमाल नव्हता. वजन खाली जमिनीवर ठेवलेले, आणि खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन, भर दुपारच्या उन्हात, सिस्टर बसलेली.  म्हटले, सिस्टर, काय झालं, पान्हा घेऊन आले का कोणी? "नाई बाप्पा," ती म्हणाली, "कोण येते आता. लय मळला होता म्हणून धुवाले टाकला. वाळेपर्यंत बसली आहो मी." तिच्या कुंपणावर निळ्या चौकटींचा रुमाल वाळत होता आणि पलीकडे बाया पाणी भरत होत्या. वर्ध्याच्या उन्हात रुमाल वाळायला असा किती वेळ लागतो, पण ती उठली नाही. मी जाऊन साडभाऊंच्या घराचे कुलूप काढले, दार पूर्ण उघडले, आणि तो वाळेपर्यंत मीही उंबऱ्यावर बसून राहिलो.